गाडी मी चालवत होते

४ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार पत्रातच घे, सध्या वाकता येत नाही. डावा गुडघा भोपळ्याएवढा झालाय. आधीच सांगते, घाबरू नकोस. माणसं सगळी धडधाकट आहेत, गाडी मात्र नाही. अपघात झाला.

फोन करणार होते, पण तुझं ठरलेलं उत्तर माहीत आहे: विम्याच्या क्लेम खात्यात उभा जन्म काढलेल्या बाईला तोंडी सांगितलेलं ऐकू येत नाही. शिवाय तुला खरंच ऐकू येत नाही, तेही आहेच. म्हणून लिहिते.

सोमवारी सकाळी बाजारपेठेतून येत होतो. गाडी मी चालवत होते. बरोबर माझ्या एक विद्यार्थिनी होत्या, शिंपीणबाई. पन्नाशी ओलांडलेली, शाळेचे गणवेश शिवतात, बोलतात कमी. एका बोळातून एक स्कूटरवाला निघाला, आभाळाकडे बघत. त्याला वाचवायला गाडी डावीकडे घेतली. डावीकडे रंगाचं दुकान. त्या दुकानदाराला फुटपाथवर डब्यांचा मनोरा रचायची हौस आहे. आम्ही मनोऱ्यातून आरपार गेलो आणि दुकानाच्या छपराच्या खांबाला टेकलो. गाडीची डावी बाजू पार चेपली. माझं दार काही केल्या उघडेना, शेवटी रंगवाल्यानेच पहार घालून उघडलं. तोवर दोन मोठे डबे फुटून बॉनेटवर निळा रंग सांडला होता. पांढरी गाडी, त्यावर निळा रंग, आणि आत आम्ही दोघी. स्कूटरवाला थांबलासुद्धा नाही.

मी उतरल्या उतरल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की चूक माझी आहे. विमा कंपनीलाही तसंच कळवलंय.

आता रंगवाला म्हणतो, आजच्या आज रोख द्या, कंपनीच्या नादी लागलात तर पैसे माझ्या नातवाला मिळतील. गॅरेजचा मिस्त्री म्हणतो, प्लास्टिकचे भाग निम्मे तुमच्या अंगावर. शेजारचा किराणावाला म्हणतो, थर्ड पार्टी फक्त माणूस मेला तरच लागू होते. ज्याला त्याला सगळं माहीत आहे, मलाच काही माहीत नाही. पण मी तर फुल इन्शुरन्स घेतलाय ना गं? मग सगळं त्यातच येतं ना?

माझी ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे ती एक गाडी. ती उभी राहिली नाही तर पाटी उतरवून माळ्यावर टाकावी लागेल. घाईने उत्तर लिही.

तुझी
शिडी


८ फेब्रुवारी

चि. शिडीस,

आशीर्वाद आहेतच, पण आज कानही पिळणार आहे, तेव्हा दोन्ही घे.

पहिलं म्हणजे फुल इन्शुरन्स नावाची पॉलिसी मी सगळ्या नोकरीत एकदाही पाहिली नाही. तो शब्द एजंट लोकांनी काढला आणि जावई लोकांनी पसरवला. पॉलिसीत काय लिहिलंय तेवढंच असतं. तुझी पॉलिसी मीच वाचून घ्यायला लावली होती, म्हणून मला पाठ आहे. नीट ऐक.

तुझ्या घरातला नळ फुटला आणि खालच्या बिऱ्हाडाचं छत ओलं झालं, तर ते छत करून देणं म्हणजे थर्ड पार्टी. माणूस मरायची गरज नसते, किराणावाल्याला म्हणावं साखर तोल. रंगवाल्याचे डबे, त्याचा खांब, छप्पर, हे सगळं त्यात बसतं. हा भाग कायद्यानेच घ्यावा लागतो. पण तुझ्याच घरातली गादी भिजली त्याचं काय? त्यासाठी वेगळा भाग घ्यावा लागतो, त्याला ओन डॅमेज म्हणतात. चेपलेलं दार, बॉनेट, त्यावरचा रंग काढणं हे त्यात. दोन्ही मिळून कॉम्प्रिहेन्सिव्ह. तुझी ती आहे.

मिस्त्री म्हणतो ते अर्धं खरं. गाडी जुनी होते तशी भागांची किंमत उतरते, आणि कंपनी उतरलेलीच किंमत देते. पण तू वर चार पैसे भरून झीरो डेप घेतलंयस, म्हणजे ती उतरलेली किंमत धरायची नाही. एक ठरावीक छोटा हिस्सा मात्र प्रत्येक क्लेमला स्वतःच्या खिशातून जातोच, तो कोणालाच चुकत नाही. आणि गाडी शिकवणीसाठी वापरली जाते हे पॉलिसीत लिहून घेतलंय. ते लिहायला लावलं तेव्हा तू मला किरकिरी म्हणाली होतीस. आता किरकिरीला पेढे पाठव.

रंगवाल्याला एक पैसा रोख द्यायचा नाही. लिहूनही काही द्यायचं नाही. कंपनीला न विचारता तू आपसात मिटवलंस तर कंपनी हात वर करायला मोकळी. त्याच्याकडे जा, गोड बोल, चहा दिला तर पी, आणि त्याच्या नुकसानीचे फोटो काढून आण. आणि रस्त्यात उभं राहून चूक वाटत फिरू नये. चूक कोणाची ते ठरवायला माणसं पगार घेतात.

आता कान पुढे कर.

चेपली डावी बाजू. उघडेना ते तुझं दार. सुजला तो तुझा डावा गुडघा. आणि गाडी म्हणे तू चालवत होतीस. अगं, आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो. मग तू डावीकडे काय करत होतीस, कणीस खात होतीस?

मी काय ओळखायचं ते ओळखलं. त्या बाईकडे लायसन्स नाही, आणि तू तिला भर बाजारात चाक दिलंस. असं असेल तर क्लेम गेला, स्कूल गेली, आणि माझी तुझ्यावरची मायाही थोडी गेली. उलट टपाली खरं लिही.

मावशी


१२ फेब्रुवारी

मावशी,

तू शेजारी असतीस तर भांडले असते. लायसन्स नाही म्हणे. शिंपीणबाईंकडे शिकाऊ लायसन्स आहे, वर्षाच्या सुरुवातीला मीच रांगेत उभं राहून काढून दिलं. गाडीला पुढे-मागे शिकाऊ 'L'च्या पाट्या आहेत, माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे. मी आंधळेपणाने कोणाच्या हातात गाडी देत नाही.

बाकी तुझं खरं. मी डावीकडे होते. चालवत त्या होत्या.

आता का ते ऐक. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला सांगते: गाडीत काहीही झालं तरी चूक माझी. गाडी बंद पडली, चूक माझी. मागचा हॉर्न वाजवतोय, चूक माझी. हे एकदा ऐकलं की माणसाचे खांदे खाली येतात आणि मग ते शिकतात. इतक्या वर्षांत ते वाक्य जिभेवर बसलंय. त्या दिवशीही तेच तोंडातून गेलं. मग कंपनीचा माणूस फोनवर विचारायला लागला की चालवत कोण होतं, आणि मी शेजारी पाहिलं. शिंपीणबाई हातांवरचा निळा रंग पदराने पुसत होत्या आणि तो निघत नव्हता.

त्यांच्या घरचं तुला माहीत नाही. नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. त्यांची गाडी दारात कव्हरखाली उभी आहे, चालवायला कोणी नाही. मुलगा चांगला आहे, पण कामावरून येतो तेव्हा येतो. रिक्षा मिळेपर्यंत ते गृहस्थ पायरीवर बसून असतात. म्हणून बाई शिकायला आल्या. मुलाचं पहिल्यापासून एकच, आई, या वयात कशाला. खांबाला गाडी लावली हे त्याला कळलं तर संपलंच. म्हणून मी म्हणाले, गाडी मी चालवत होते. फॉर्मवरही तेच लिहिलंय.

मी ते बदलणार नाही. पुढच्या शुक्रवारी कंपनीचा सर्वेअर गाडीचं नुकसान बघायला येतोय. एक बाई घराबाहेर पडते आहे, तिला मी मागे ढकलू? तूच सांग.

शिडी

ता. क. रंगवाल्याकडे जाऊन आले. चहा दिला. फारच कडू होता, पण प्यायले.


१५ फेब्रुवारी

चि. शिडीस,

रागावले होते, आता नाही. तू अप्पलपोटी नाहीस, वेडी आहेस, आणि वेड्यांना मला पत्र लिहिता येतं.

शिकाऊ लायसन्स असलेला माणूस, गाडीला पाटी, शेजारी शिकवणारा, आणि पॉलिसीत शिकवणीचा वापर लिहिलेला. हे सगळं तुझ्याकडे आहे. म्हणजे त्या बाईने गाडी ठोकली तरी कंपनी पैसे देते. त्यासाठीच तर तू हप्ता भरतेस. खरं सांगितलं असतंस तर काही अडत नव्हतं.

न बसणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे तुझं खोटं. चालवणारा कोण हे खोटं लिहिलं की कंपनीला सगळा क्लेम फेटाळता येतो. तुझं दारही गेलं आणि रंगवाल्याच्या डब्यांचा तगादाही तुझ्या मागे लागला. चांगल्या मनाने मारलेली थाप म्हणून एखादा भाग कुठल्याच पॉलिसीत नसतो, मी शोधून थकले.

आणि एक विचारते, ते पैशाचं नाही. तू त्यांना विचारलंस का? त्या स्कूटरवाल्याला वाचवलं कोणी, तू की त्यांनी? चाक त्यांच्या हातात होतं ना? मग चुकीबरोबर तेही तू स्वतःकडे घेऊन बसलीस. सगळं आपल्याच अंगावर घेणारी माणसं दुसऱ्याच्या हातात काही ठेवत नाहीत, हे तुझ्या आईलाही मी सांगून दमले होते.

सर्वेअर यायच्या आत त्यांच्याकडे जा.

मावशी


१६ मार्च

मावशी,

बस, पाणी पी, आणि मग वाच.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी संध्याकाळी शिंपीणबाईंकडे गेले. खोलीभर निळ्या चड्ड्या आणि पांढरे शर्ट. नवरा कॉटवर पडून रेडिओ ऐकत होता. मी तुझं सगळं म्हणणं सांगितलं, थर्ड पार्टी, ओन डॅमेज, शिकाऊ लायसन्स, खोटं, आणि सर्वेअर उद्या गॅरेजात येतोय तेही. बाई शिवत राहिल्या. एक बाही पुरी केली, दोरा तोडला, दुसरी घेतली. मी आपली उठले. मनात म्हटलं, संपलं. घरी येऊन पाटी कुठे ठेवायची ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात सर्वेअर आला. बारकासा माणूस, चष्मा नाकाच्या टोकावर. त्याने दार बघितलं, बॉनेट बघितलं, खाली वाकून चाकं बघितली. मग उजव्या दारातून आत डोकावला आणि बराच वेळ डोकावूनच राहिला. मला म्हणाला, ताई, चालवताना बसता तशा जरा बसून दाखवा.

मावशी, मला शिडी नाव तूच ठेवलंस. आणि शिंपीणबाई माझ्या खांद्याला लागत नाहीत. सीट पार पुढे ओढलेली, त्यावर त्यांनी शिवून आणलेली चौकटीची जाड उशी. माझ्या ते ध्यानीमनी नव्हतं. मी आत घुसले ती घडीच्या खुर्चीसारखी मिटले. दोन्ही गुडघे स्टिअरिंगला लागले आणि हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. मिस्त्री तोंडात बोळा कोंबून मागे पळाला. सर्वेअरने हॉर्न थांबेपर्यंत वाट पाहिली आणि शांतपणे विचारलं, अशीच चालवता?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात फाटकातून आवाज आला.

"ती उशी माझी आहे. गाडी मी चालवत होते."

शिंपीणबाई. इस्त्रीची साडी, हातात पर्स, आणि मागे मुलगा. त्याला गॅरेजात का आणलंय हेही त्याला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. बाईंनी पर्समधून शिकाऊ लायसन्स काढून सर्वेअरच्या हातात ठेवलं आणि सगळं सांगितलं, बोळ कुठे होता, स्कूटर कुठून आली, त्यांनी चाक कधी वळवलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मीही मग फॉर्मवरचं खोटं कबूल केलं. सर्वेअर म्हणाला, हेच मी माझ्या अहवालात पकडलं असतं तर गोष्ट वेगळी होती, आत्ता तुम्ही स्वतः दुरुस्त करताय, तर दोघींचे जबाब नव्याने लिहून द्या. गाडीच्या पुढच्या 'L'च्या पाटीवरचा रंग खरवडून त्याने पाटीचाही फोटो घेतला.

मग तो रंगवाल्याकडे गेला. मला वाटलं, इथे सगळ्यावर पाणी पडणार. पण त्या कडू चहाच्या माणसाने काय सांगावं? म्हणाला, बाईंनी गाडी वळवली नसती तर तो स्कूटरवाला गेलाच होता, माझे डबे परत भरता येतील.

मुलगा जाताना आईला म्हणाला, झालं ना आता, बास कर. बाई म्हणाल्या, मी माणूस वाचवलाय, गाडी दुरुस्त होऊन आली की पहिला तास माझा. आणि चालायला लागल्या.

काल कंपनीचं पत्र आलं. क्लेम मंजूर. रंगवाल्याचं नुकसान थर्ड पार्टीतून, माझी गाडी ओन डॅमेजमधून, नव्या दारासकट, किंमत न उतरवता. माझ्या खिशातून गेला तो फक्त तो ठरावीक छोटा हिस्सा. मी पत्र धरून अंगणात नाचले, लंगडत. पाटी जागच्या जागी आहे, मावशी. पेढे निराळ्या टपालाने पाठवलेत, फुटले तरी खा.

मिस्त्रीने सगळा रंग काढला, पण मागच्या चाकाच्या कमानीवर एक निळा ठिपका मी मुद्दाम ठेवायला लावला. आणि पहिल्या दिवशी मी विद्यार्थ्यांना सांगते ते वाक्य बदललंय. आता म्हणते, गाडीत काहीही झालं तरी मी शेजारी आहे.

तुझीच
शिडी


३० मे

ती. ताईंना,

तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमची पत्रं मला वाचून दाखवली आहेत, त्यामुळे मला तुमचा धाक आहे. शिडीताईंकडून पत्ता घेतला. मला कपडे बेतता येतात, पत्र बेतायची सवय नाही, उसवलं तर सांभाळून घ्या.

मी परीक्षा पास झाले. पहिल्याच वेळी. परीक्षकांनी चढावर गाडी थांबवायला लावली, मी थांबवली, आणि एक बोटभरही मागे न जाता पुढे काढली. मीच मला मनातल्या मनात शाबास म्हटलं.

मग घरच्या गाडीचं कव्हर काढलं. मुलगा म्हणाला, चल, एक चक्कर मारून बघ. मी किल्ली पर्समध्येच ठेवली आणि विचारलं, हिचा विमा? तो म्हणाला, बाबांनी काढला होता की. पाहिलं तर कधीच संपलेला. मी त्याला कॉटवर बसवलं आणि तुमचं ते खालच्या बिऱ्हाडाचं छत आणि आपली गादी सगळं समजावून सांगितलं. तो एवढा शिकलेला, त्यालाही फुल इन्शुरन्स म्हणजे सगळं असंच वाटत होतं. दोन दिवसांनी पॉलिसी आली, आणि मग मी गाडी सुरू केली. तुम्ही पहिलं हेच विचाराल म्हणून आधी लिहिलं.

रंगाच्या दुकानावरून रोज जाते. त्यांनी मनोरा आत हलवलाय. परवा ते बाहेर आले, मला वाटलं आता काही बोलणार. तर विचारलं, आमच्या हिला शिकायचंय, शिडीताईंकडे जागा आहे का?

आता खरं सांगायचं ते सांगते. मंगळवारी मी यांना डायलिसिसला घेऊन गेले. पायरीवर बसावं लागलं नाही. घरापासून निघाल्यापासून हे माझ्या हातांकडेच बघत होते. मी म्हटलं, भीती वाटतेय का? तर म्हणाले, नाही, इतकी वर्षं तू शेजारी बसायचीस तेव्हा तुलाही असंच दिसायचं का ते बघतोय. मला रस्ता जरा धूसर दिसायला लागला, पण मी डोळे पुसले नाहीत. दोन्ही हात चाकावर ठेवायचे, असं शिडीताईंनी शिकवलंय.

दाराशी यांना उतरवून व्हीलचेअरवर बसवत होते, तेवढ्यात मुलगाही कामावरून धावत आला. मागे ॲम्ब्युलन्स उभी होती. रखवालदार आला आणि मुलाकडे बघून ओरडला, गाडी पुढे घ्या, ड्रायव्हर कुठे आहे?

मुलाने माझ्याकडे बोट केलं. रखवालदाराला कळेना. तो पुन्हा म्हणाला, अहो, ड्रायव्हरला बोलवा.

मी किल्ली वर केली आणि म्हटलं, "ड्रायव्हर आलीये."

आणि गाडी पुढे घेतली.

तुमची
शिंपीण